पाठराखीण दमल्यावर

उचगाव,
१२ नोव्हेंबर १९९८

महांता,

वरचं शरणू-बिरणू, नमस्कार-चमत्कार सगळं वाचलंस असं धर. मला सवड कमी. आपले आप्पा आत्ताच जेवून आडवं झाल्यात, तोवर उरकते. फोनच करणार हुते, पण फोन शालूबाईच्या दुकानात. तिथं एक बोललं की अख्ख्या गल्लीत दवंडी.

निपाणीचं पावणं आमच्या पवित्राला बघून गेलं. पोरगा बँकेत हाय, माणसं बरी, आपल्यातलीच. पोहे झाले, चहा झाला, पोरीला काय विचारायचं ते विचारून झालं. तुझे दाजी खुशीत हुते. तेवढ्यात आप्पा आतनं आले. धोतर नीट नेसलेलं, कपाळाला भस्म. पोराच्या बापापुढं बसले आन् म्हणाले, "बोला पावणं, काय दाखवू? पॉपलीन का मांजरपाट?" सगळी हसली. म्हातारा गमत्या हाय असं वाटलं त्यास्नी. मग आप्पांनी पोराच्या आत्याचा पदर हातात धरून चिमटीत चोळला आन् म्हणाले, "हा माल आमच्या दुकानचा न्हवं. कुठनं घेतलासा?" तवा मात्र कोण हसलं न्हाय.

राजारामपुरीचं कापडाचं दुकान विकून किती वर्सं झाली, पण आप्पांच्या डोक्यात ते रोज उघडतंय.

ती आत्या लई चलाख बाई. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे घराण्यातच हाय का वो?" आप्पांच्या थोरल्या भावाचं, दोड्डाप्पांचं पण शेवटी असंच झालतं, ते तिला कुणी सांगितलं देव जाणे. मग तीच म्हणाली, "मुलीचा मामा बेंगलोरला डॉक्टर हाय म्हणता. एक ओळ लिहून आणा की त्याची, रक्तातनं येत न्हाय म्हणून. मग आमचं काय म्हणणं न्हाय."

तर बाबा, एक ओळ लिही. खाली सही, डॉक्टर महांतेश. हापिसाचा शिक्का असला तर तो पण मार, शिक्का बघितला की माणसं गप्प बसत्यात.

तुझी,
आक्का


बेंगळूर,
२४ नोव्हेंबर १९९८

आक्का,

पत्र वाचून आधी हसलो, मग हसल्याचं वाईट वाटलं. आप्पांनी पदर चोळला असेल तो अंगठा आणि ती दोन बोटं अगदी डोळ्यांपुढे आली.

पण आक्का, मी तसला डॉक्टर नाही, हे तुला दर दिवाळीला सांगतो. मला ताप आला तर मीच डॉक्टरकडे जातो. मी प्रथिनांचा अभ्यास करतो. अंगातलं जवळपास प्रत्येक काम प्रथिनं करतात. प्रथिन म्हणजे एक लांब माळ. ती आपली आपण दुमडते, तिची घडी बसते आणि घडी बसली तरच ती कामाची. आप्पांच्या आजारात काही माळांची घडी चुकते. चुकलेल्या माळा एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे गोळे होतात. इथपर्यंत आम्हाला कळलंय. त्या का चुकतात, आप्पांच्याच का चुकल्या, हे विचारशील तर तिथून पुढे अंधार आहे.

पूर्वीचे लोक म्हणायचे, बिघडलेला एक भाग शोधा आणि दुरुस्त करा. आमचा गट म्हणतो, असं नाही. पेशीत हजारो प्रथिनं एकमेकांना धरत, सोडत, ढकलत असतात. त्यांच्या त्या मिळून वागण्यालाच आपण जिवंतपणा म्हणतो. एकेक सुटं काढून बघितलं तर जीव कुठेच सापडत नाही. आठवड्याच्या बाजारासारखं आहे ते. बाजाराला कोणी मुकादम नसतो, तरी तो भरतो, भाव ठरतो आणि एखाद्या दिवशी काही कारण नसताना फिसकटतो. कोणामुळे फिसकटला म्हणून बोट कोणाकडे दाखवणार? या गुंतागुंतीचंच एक शास्त्र झालंय, आणि माझं आयुष्य त्यात चाललंय.

काही थोड्या घराण्यांत हा आजार सरळ रक्तातून येतो, पण तिथे तो बराच लवकर, ऐन उमेदीत धरतो. आप्पा आणि दोड्डाप्पा, दोघांनाही सत्तरीनंतर झाला. म्हणजे आपलं बहुतेक तसं नसावं. पण "येत नाही" असं कसं लिहून देऊ? ते खोटं होईल.

मी बरा आहे. थकलोय, एवढंच. आमचा संगणक आठवडेच्या आठवडे गणित करतो आणि शेवटी एक माळ जराशी थरथरलेली दाखवतो. ते बघायला आम्ही सगळे भोवती जमतो, नवीन मूल बघायला जमावं तसे.

महांतेश


उचगाव,
१५ डिसेंबर १९९८

महांता,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एवढं लिहिलंस, त्यात व्हय कुठं हाय आन् न्हाय कुठं हाय ते दाखव बघू. "बहुतेक नसावं" हे काय उत्तर झालं? तुझ्या दाजींनी वाचलं आन् म्हणाले, वकील व्हायचा चुकून हिकडं गेला. पवित्राला मात्र पटलं म्हणं. ती बी.एस्सी.ची, तुझीच भाची. शालूबाईला मी सांगितलं, भाऊ प्रोटीनचं काम करतो. तर म्हणती कशी, "म्हंजे तालमीतल्या पैलवानांची पावडर करतो व्हय?" व्हय म्हणलं, सोडून दिलं.

आप्पा परवा निसटले. मी कपडे वाळत घालत हुते. सिटी बसमधनं गेले का रिक्षानं, कळंना. दाजी स्कूटर घेऊन सगळीकडं हिंडले. शेवटी राजारामपुरीत आपल्या जुन्या दुकानाच्या जागी गावले. तिथं आता औषधाचं दुकान हाय. आप्पा शटरपाशी उभे, किल्ली नसलेल्या हातानं किल्ली फिरवत. दुकानदार पोरगा चांगला, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. घरी आणल्यावर मला म्हणाले, "अव्वा, भूक लागली." मला अव्वा म्हणत्यात आता. आपली आई, अव्वा, जाऊन इतकी वर्सं झाली, ती त्यास्नी कशी आठवतीया आन् मी कशी आठवत न्हाय, ते तुझ्या शास्त्रात असलं तर सांग.

मी दमले बाबा. आंघोळ घालायची म्हंजे कुस्ती. जेवले तरी जेवलो न्हाय म्हणत्यात. शेजारणी म्हणत्यात, शांतव्वा लई पुण्य लागतंय तुला. मी म्हणते, थोडं तुम्ही घ्या की.

एक विचारू? ती माळेची घडी घालतं कोण? कुणीतरी घालत असंल की. पातळाची घडी आपली आपण पडलेली मी तर कधी बघितली न्हाय.

निपाणीकर संक्रांतीपर्यंत थांबतो म्हणाल्यात. ओळ पाठव.

आक्का


बेंगळूर,
३ जानेवारी १९९९

आक्का,

घडी कोण घालतं, हा तुझा प्रश्न मी इथे चहाच्या टेबलावर सांगितला. आमचं अर्धं काम त्या एका प्रश्नावर चालतं.

कोणी घालत नाही. माळ स्वतःच दुमडते. पण ती नवी-नवी तयार होते तेव्हा भोवती एवढी गर्दी असते, की भलत्याच कोणालाही ती चिकटू शकते. म्हणून काही प्रथिनं तिच्यासोबत राहतात. ती घडी घालत नाहीत, नुसती सांभाळतात. भलतीकडे जाऊ देत नाहीत. घडी बसली की बाजूला होतात, आणि शेवटच्या घडीत त्यांचा मागमूस नसतो. इंग्रजीत त्यांना जे नाव आहे, त्याला मराठी शब्द मी कधीचा शोधत होतो. फेब्रुवारीत कोल्हापूरच्या एका कॉलेजात मराठीतून बोलायचंय. रक्षक लिहिलं, सहायक लिहिलं, काही जमेना. परवा अचानक सुचलं. पाठराखीण!

नवी नवरी सासरी जाते तेव्हा सोबत पाठवतात ती. चार दिवस राहते, नवरीला धीर देते आणि मग निमूट परत येते. अगदी तेच काम.

आणि मग तुझं लग्न आठवलं. अव्वा नव्हती, घरात बाईमाणूस नव्हतं, म्हणून आप्पांनी पाठराखीण म्हणून मला पाठवलं. उचगावच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, "अगं बया, ही कसली पाठराखीण, चड्डीतली!" आणि दुसऱ्याच दिवशी मी असं भोकाड पसरलं, की दाजींनी मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून घरी आणून सोडलं. नवरीला धीर द्यायला गेलो आणि नवरीनंच माझं नाक पुसलं.

हल्ली मी पाठराखिणींवरच काम करतोय. तरुणपणी त्या पुरतात. वय वाढतं तसं काम वाढतं, चुकणाऱ्या माळा वाढतात आणि पाठराखिणी मात्र तेवढ्याच, उलट कमीच. त्या दमतात. आमच्या गणितात गंमत अशी, की बराच काळ वरून काही दिसत नाही. सगळं ठीक चाललंय असंच वाटतं, कारण त्या दुप्पट राबून भरून काढत असतात. मग एक दिवस अगदी थोडा भार वाढतो आणि सगळं एकदम कोलमडतं. मला तर हे फार सुंदर वाटतं.

ओळीचं काय करू, अजून ठरत नाही. निपाणीकरांना म्हणावं, माणसं बघून पोरगी न्या. फेब्रुवारीत येतोच आहे, तेव्हा बोलू.

महांतेश


उचगाव,
२० जून १९९९

महांता,

फेब्रुवारीत आलास तो सकाळी आलास आन् संध्याकाळच्या गाडीनं गेलास. कॉलेजातली माणसं संगं हुती, त्यांच्यापुढं काय बोलणार. तू आप्पांच्या पाया पडलास, आप्पा म्हणाले, "उधारी बंद हाय." तू हसलास. मला तुझा राग आला न्हाय, पण हसू पण आलं न्हाय.

ओळ अजून आली न्हाय.

तुझं ते पाठराखिणीचं पत्र मी पातळाच्या ट्रंकेत ठेवलंय, अधनंमधनं काढून वाचते. त्यात तू एक लिहिलं न्हाईस. पाठराखीण दमली की सगळं कोलमडतं म्हणालास. पण तिचं काय हुतं? तिची कोण पाठराखीण असती का न्हाय?

हिकडं सगळं ठीक. काल चहात साखर दोनदा घातली, दाजी पिऊन उठले, काय बोलले न्हाईत. भला माणूस.

व्हय का न्हाय तेवढं सांग. एक ओळ तर लिहायची. रक्तातनं येतं का न्हाय?

आक्का


बेंगळूर,
९ जुलै १९९९

आक्का,

तुझ्या निपाणीकरांनी पिच्छा पुरवला म्हणायचा! ही कसली माणसं? पोरगी शिकलेली, गुणी, देखणी, आणि ह्यांना मामाचा शिक्का पाहिजे. जाऊ दे. तुला त्रास नको म्हणून शेवटी लिहून पाठवतोय. संस्थेचा कागद आहे, खाली सही आहे. त्यात असं आहे:

"श्री. चन्नाप्पा यांच्या आजारामुळे त्यांची नात कु. पवित्रा हिला इतरांपेक्षा विशेष धोका आहे, असे मानण्यास आज आधार नाही."

यात खोटं काही नाही, प्रत्येक शब्द तोलून घातलाय. तरीही लिहिताना बरं वाटलं नाही. जे शास्त्र "एवढं सोपं नसतं" हे सांगण्यातच माझी उमेद गेली, त्याचा मी लग्नाचा दाखला करून दिला.

एक चांगली बातमी. पाठराखिणी दमतात ते गणित छापून आलं. परदेशातून दोन पत्रं आली. डोळे दुखतात, पाठ दुखते, पण बरं वाटलं. तू विचारलंस, की पाठराखिणीला पाठराखीण असते का. असतात, एकमेकींना सांभाळणाऱ्याही असतात. हे आमच्या गणितात अजून धरलेलं नाही. पुढच्या वर्षी धरू.

पवित्राला आशीर्वाद. तारीख ठरली की कळव, रजा काढतो.

महांतेश


उचगाव,
२ ऑगस्ट १९९९

महांता,

शिक्क्याचा कागद मिळाला. मान ठेवलास, बरं केलंस. आता नीट ऐक.

निपाणीचं पावणं कवाच गेलं. संक्रांतीच्या आधीच त्यांनी गडहिंग्लजची पोरगी केली. तुला कळवलं न्हाय. कळवलं असतं तर तू ओळ लिहिलीच नसतीस. पवित्राला त्याचं काडीचं वाईट वाटलं न्हाय, ती एम.एस्सी.चा फॉर्म भरून बसलीया आन् म्हणती मामाचंच शिकणार. पोरीचं सगळं झकास चाललंय.

ओळ मला पाहिजे हुती, येड्या.

मे महिन्यात मी राजारामपुरीत गेलते, आप्पांच्या गोळ्या आणायला. गोळ्या घेतल्या, स्टॉपवर आले, आन् मला उचगावची बस कुठली तेच आठवंना. गावाचं नाव तोंडात येईना. बशी येत्यात, जात्यात. ज्या गावात लग्न होऊन आले, पोरगी वाढवली, त्या गावाचं नाव मला लोकांस्नी विचारायचं पण कसं? एक बाई उचगाव, उचगाव म्हणत धावत आली, तिच्या मागनं चढले. घरी येऊन आप्पांस्नी गोळी दिली. मग परत दिली. मग मला आठवलं की आधीच दिलीया, आन् मी मोरीत जाऊन रडले.

दाजींस्नी सांगितलं न्हाय. पवित्राला न्हाय. कुणालाच न्हाय. तुला पोरीच्या नावानं विचारत राहिले, कारण माझ्या नावानं विचारायची छाती हुईना.

तुझा कागद उघडला. नातीचं लिहिलंस. लेकीचं काय?

शिक्का असलेल्या कागदात माझं नाव न्हाय. तू लई तोलून लिहितोस, म्हणून मला कळलं. लेकीचं तुला लिहिता आलं नसतं, व्हय ना?

मला मरणाची भीती न्हाय वाटत. आप्पांस्नी मी हाय. रोज आंघोळ घालते, भरवते, शिव्या खाते, अव्वा म्हणवून घेते. माझं असं झालं तर मला भरवायला कोण हाय? पवित्रा? तिनं का म्हणून? तिनं शिकावं. दाजींचं वय झालं. हे मला तुझ्या गणितात धरून दाखव.

बस. आप्पा उठले.

आक्का


बेंगळूर,
९ ऑगस्ट १९९९

आक्का,

पत्र काल आलं. ते वाचून मी ऑफिसातून उठलो आणि सरळ घरी आलो. तुझी सगळी पत्रं काढून बसलो. चहात साखर दोनदा घातलीस असं तू लिहिलंस आणि मी तुला छापून आलेल्या गणिताची बातमी दिली. पाठराखीण दमते, ते फार सुंदर आहे, असं तुला लिहिलं. तुला! माझ्याएवढा शिकलेला गाढव दुसरा नसेल.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर, आधी खरं ते. व्हय का न्हाय, मला ठाऊक न्हाय. लेकीला थोडा जास्त धोका असतो. थोडाच. म्हणून तुझं नाव घातलं नाही, तू बरोबर ओळखलंस. पण ज्या बाईला वर्षानुवर्षं सलग झोप नाही, जिला दिवसभर कुस्ती आहे, ती बाई गावाचं नाव विसरते. नुसत्या दमण्यानं विसरते. ते विश्रांतीनं परत येतं. तुझं दमणं आहे का दुसरं काही, हे आधी तपासायला पाहिजे, आणि ते राजारामपुरीतला चांगला डॉक्टर बघेल, माझ्यासारखा नव्हे. मी सोबत येईन. दाजींना आजच सांग. तो भला माणूस गोड चहा पिऊन गप्प बसला, म्हणजे त्याला कळलेलं आहे.

दुसरा प्रश्न कोण भरवणार हा. त्याचं उत्तर व्हय-न्हायमध्ये देता येतं आणि त्याला शिक्का लागत नाही. मी. व्हय.

फेब्रुवारीत ज्या कॉलेजात बोललो, तिथे शिकवायला या म्हणून ते मागे लागले होते. मी हसून टाळलं होतं. आज त्यांना तार केली. संगणक इथे राहील, गणित दुसरं कोणीतरी पुरं करेल, नाहीतर पवित्रा करेल. गणेश चतुर्थीच्या आधी पोचतो. सकाळी आप्पांची आंघोळ माझ्याकडे. ते मला गिऱ्हाईक समजोत नाहीतर आणखी कोणी, मी मांजरपाट मागीन.

पाठराखीण येतीया, आक्का. या खेपेला फुलपँट घालून.

फक्त एक कर. मी दुसऱ्या दिवशी भोकाड पसरलं, तरी दाजींना सायकल काढू देऊ नकोस.

तुझा,
महांता